कूस बदलणारे हात

पाडवा-भाऊबीज आटोपली की पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगरातल्या पाड्यांवर बोचकी बांधायची घाई उठते. गुजरातेतल्या ऊसतोडीला वेळेत पोचायचं असतं. भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही पोरं असं सगळं ट्रकमध्ये चढतं. मागे राहतं ते घरातलं म्हातारं माणूस. उशाशी नागलीचं पीठ, तांदूळ, तेलाची बाटली ठेवून आणि शेजाऱ्याला ‘लक्ष ठेवा’ असं सांगून कर्ती माणसं पाच-सहा महिन्यांसाठी निघतात. त्यांना बोल लावता येत नाही, उचल आधीच घेऊन खर्चून झालेली असते. मागे राहिलेलं माणूस हिंडतं-फिरतं असेल तर निभावून नेतं. पण ते खाटेला खिळलेलं असेल तर?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी निघालो तो माझ्या फुईमुळे. फुई म्हणजे वडिलांची बहीण. ऐन तरुणपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही. पिंपळनेरला आमच्याच गल्लीत एका खोलीत वेगळी चूल, वेगळं रेशनकार्ड. कांदा लागवड, कांदा काढणी, लोकांची धुणी यांवर तिने आयुष्य काढलं. २०१८ची दिवाळी झाली आणि आठवड्याभरात, पहाटे पाण्याची कळशी उचलताना ती कोसळली. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. ‘लकवा मारला,’ गल्लीत कुणीतरी म्हणालं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आधी घरगुती उपाय झाले, मग गाडीची शोधाशोध. पिंपळनेरहून धुळं ऐंशी किलोमीटरच्या आसपास. आम्ही पोचलो तेव्हा ती वेळ टळून गेली होती.

दहा-बारा दिवसांनी डॉक्टरांनी घरी सोडलं. जाताना म्हणाले, ‘‘आता घरीच सेवा करा.’’

त्या वाक्यापाशी दवाखान्याचं काम संपलं आणि माझ्या वहिनीचं सुरू झालं. ते पावणेपाच वर्षं चाललं.

दर दोन तासांनी

सेवा हा शब्द आपण फार मोठ्या मनाने वापरतो आणि तिच्यातलं काम मात्र पाहत नाही. वहिनी ते कसं करायची हे मी सुट्टीत गेलो की बघायचो. कूस बदलायची तर आधी फुईचा लुळा हात छातीवर ठेवायचा, गुडघा दुमडायचा, मग अंगाखाली घातलेल्या जुन्या लुगड्याची चौघडी दोन्ही हातांनी धरून सगळा देह एका दमात आपल्याकडे ओढायचा. नुसता खांदा धरून ओढलं तर कातडी घासते आणि सोलवटते. मग पाठीला एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली घडी. दर दोन तासांनी हे सगळं पुन्हा. रात्रीसुद्धा.

तिसऱ्या महिन्यात माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. वहिनीने बोटाने दाबून पाहिला, पण लाली हटली नाही. गल्लीतल्या बायकांनी तेल चोळायला सांगितलं. गावच्या आरोग्यसेविकेने मात्र बजावलं की दाबल्यावर पांढरा न होणारा डाग ही शय्याव्रणाची पहिली पायरी असते. तिथे चोळायचं नाही. भार काढायचा आणि जागा कोरडी ठेवायची. घास भरवताना पेशंटला बसतं करायचं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो, हेही तिनेच शिकवलं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्यायाम दिला तर लुळ्या अवयवांत सगळ्यात जास्त सुधारणा होते, हे मात्र आम्हाला कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. व्यायाम शिकवणारं माणूस घरापर्यंत कधी आलंच नाही.

फुईला व्रण झाला नाही. पावणेपाच वर्षं अंथरुणावर असलेल्या बाईच्या पाठीला एकही जखम नाही, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. त्या काळात वहिनी एकदाही माहेरी मुक्कामाला गेली नाही आणि तिची कंबर कायमची गेली.

पाच दारं, पाच फायली

सरकार काहीच देत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. देतं, पण तुकड्यातुकड्यांनी आणि वेगवेगळ्या दारांवर. ज्याला द्यायचं ते माणूस तर यातल्या एकाही दारापर्यंत चालत जाऊ शकत नाही. म्हणून ही दारं एकेक करून सांगतो.

पहिलं दार दवाखान्याचं. धुळे जिल्ह्याला याचा जुना अनुभव आहे. आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळं होतं. आता तिचं संरक्षण प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड जरूर काढा. पण हा पैसा दवाखान्यात दाखल असतानाच्या उपचारांचा आहे. घरी आल्यावर लागणारे लंगोट, मूत्रनळी, पाण्याची गादी, रात्रीचं जागरण यांतलं काही त्यात बसत नाही.

दुसरं दार तहसीलचं. तिथे संजय गांधी शाखा असते आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना तिचा पत्ता तोंडपाठ असतो. पासष्टीच्या आतल्या निराधार, विधवा, दिव्यांग किंवा पक्षाघात, कर्करोग, क्षय अशा आजारांनी कमावण्याची ताकद गेलेल्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचे २०० रुपये, ऐंशीनंतर ५००, याच रकमेत मिसळून येतात. फुईला सुरुवातीला महिन्याला ६०० रुपये मिळाले, २०१९मध्ये १,००० झाले आणि जुलै २०२३मध्ये १,५०० झाले. ते पंधराशे तिच्या वाट्याला जेमतेम दोन महिने आले. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यातल्या दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २,५०० रुपयांवर नेली. बाकीच्यांना आजही पंधराशेच, म्हणजे दिवसाला ५० रुपये.

या दारावर उत्पन्नाची अट आडवी येते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, दिव्यांगांसाठी ५०,०००च्या आत. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. आज रोजंदारीवर जाणाऱ्या घराचंही खरं उत्पन्न याच्या कितीतरी वर असतं. मग गरजू माणसाला दाखल्यापुरतं खोटं बोलावं लागतं, किंवा खरं बोलून लाभ सोडावा लागतो. या आकड्याइतकी लाजिरवाणी गोष्ट या सगळ्या व्यवस्थेत दुसरी नाही. तो वाढवा, ही मागणी प्रत्येक आमसभेत झाली पाहिजे.

एक चूक आमच्या घराची होती आणि ती सांगितलीच पाहिजे. फुई तरुणपणापासून विधवा होती, निराधार होती. लकवा मारण्याच्या वीस वर्षं आधीच ती या अनुदानाला पात्र होती. कुणी अर्जच केला नाही. तिला वाचता येत नव्हतं, आणि आम्हा वाचता येणाऱ्यांना सुचलं नाही.

तिसरं दार दिव्यांग प्रमाणपत्राचं, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी किल्ली आहे. लकव्याने अंथरुणाला खिळलेलं माणूस ‘आजारी’ आहे असं आपण म्हणतो, ‘दिव्यांग’ आहे असं म्हणत नाही, आणि तिथेच फसतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे. पार्किन्सन त्यात नावानिशी आहे, आणि पक्षाघाताने कायमचे लुळे पडलेले हातपाय चलनवलनाच्या दिव्यांगत्वात धरले जातात. ४० टक्क्यांपासून पुढे बहुतेक लाभ सुरू होतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग वैद्यकीय मंडळासमोर तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. कार्डाच्या रंगावरूनही कळतं: ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं, ८० आणि त्यावर निळं.

पण तपासणीला माणूस न्यावं लागतं. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२पासून मोफत प्रवास आहे, दिव्यांगांना सवलत आहे. मात्र ज्याला बसताच येत नाही त्याला एसटीचा काय उपयोग? १०८ची रुग्णवाहिका तातडीसाठी आहे, दाखल्यासाठी नाही. आम्ही भाड्याच्या गाडीत मागचं सीट काढून, गादी टाकून फुईला नेलं. पहिल्या खेपेला मंडळ बसलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला एक कागद कमी पडला. गाडीभाडं त्या वेळच्या तीन-चार महिन्यांच्या अनुदानाएवढं झालं.

चौथं दार साधनांचं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला साधनांसाठी एकदा ३,००० रुपये बँकेत मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांपैकी गरजेचं घ्यायचं. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना एप्रिल २०१७पासून आहे, तिच्यात शिबिरातून साधनंच देतात. आमच्याकडे कमोड खुर्ची फार उशिरा आली, पण ती आल्याच्या दिवशी फुई वहिनीला तुटक्या बोलीत म्हणाली ते मला आठवतं: ‘‘आते बरं शे.’’ आता बरं आहे. खाटेवर सगळं उरकावं लागण्याची लाज तिने वर्षानुवर्षं गिळली होती.

पाचवं दार प्रांत कार्यालयाचं. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७चा आहे. मुलं सांभाळत नसतील तर म्हाताऱ्या माणसाला प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात साध्या अर्जाने महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. वकील लागत नाही, आणि स्वतः जाता येत नसेल तर संस्था किंवा दुसरी व्यक्तीही त्याच्या वतीने अर्ज करू शकते. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. राज्यात १९९५पासून मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आहे. पण बहुतेक वृद्धाश्रमांची पहिली अट असते की माणूस स्वतःचं स्वतः करणारं हवं. अंथरुणाला खिळलेल्यांना आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांना कायम सांभाळणारी घरं केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेच्या कागदावर आहेत, किमान वीस माणसांचं एक, आणि ती चालवायला संस्थांना अनुदानही मिळतं. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या धडपड्या संस्थेने हे मनावर घ्यावं, असं फार वाटतं.

हे सगळं म्हाताऱ्यांपुरतंच नाही. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचे आईबाप याच वाटेवर चालत असतात, आणि त्यांची वाट तर आयुष्यभराची. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अशा मुलांना ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. मूल अठरा वर्षांचं झालं की कायदेशीर पालक नेमून घ्यायला विसरू नये.

आशाताईंच्या फॉर्मातले प्रश्न

न बोलावता घरापर्यंत येणारी आरोग्य खात्याची व्यक्ती म्हणजे आशाताई. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्या भरतात, त्याला त्या ‘सीबॅक’ म्हणतात. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना, चालताना तोल जातो का? हालचाल अडवणारं अपंगत्व आहे का? जेवायला, कपडे घालायला, आंघोळीला, शौचाला दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं, घरचा पत्ता विसरता का?

हे प्रश्न मी पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटलं, हे कुणीतरी घरात म्हातारं माणूस पाहिलेल्याने लिहिले आहेत. २०१७-१८च्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीत साठीवरच्या जवळपास चौथ्या हिश्शाने रोजच्या अशा कामांपैकी निदान एक तरी करताना अडचण येते, असं सांगितलं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीवरची माणसं १ कोटी ११ लाख होती. हा प्रश्न काही आमच्या एका गल्लीचा नाही.

‘मदत लागते’ या उत्तरापुढे काय व्हायला हवं, तेही ठरलेलं आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह म्हणजे वेदनाशामक काळजी धरलेली आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध विभाग, खालच्या पातळीवर ठरलेल्या दिवशी वृद्धांची तपासणी आणि अंथरुणावरच्या रुग्णांना घरभेट अशी रचना आहे. म्हणून उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना जाऊन स्पष्ट सांगावं, आमच्या घरी अंथरुणावर पेशंट आहे, त्याचं नाव घरभेटीच्या यादीत घ्या. मूत्रनळी बदलणं, व्रण तपासणं, रक्तदाबाच्या गोळ्या ही कामं घरी होऊ शकतात. मागितल्याशिवाय ती होत नाहीत, हा आमचा अनुभव. मागितल्यावर झाली, हाही आमचाच अनुभव.

मात्र त्या फॉर्मात एक प्रश्न नाही. मदत लागते, तर ती करतं कोण? त्या माणसाची कंबर, झोप, मजुरी यांचं काय?

करणाऱ्याचं नाव

जपानने २००० साली दीर्घकालीन काळजीचा सार्वजनिक विमा आणला. चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो, आणि गरज लागली की एक नेमलेली व्यक्ती घरी येऊन कुठली सेवा, किती वेळ, कुणाकडून याचा आराखडा करून देते. पाच दारं हिंडायचं काम घरच्यांवर राहत नाही. जर्मनीने १९९५मध्ये असा विमा सुरू केला. तिथे घरच्याच माणसाने सांभाळ केला तर रोख रक्कम मिळते आणि सांभाळणाऱ्याच्या पेन्शनच्या खात्यातही भर पडते. ती श्रीमंत राष्ट्रं, आपलं काय, असं कुणी म्हणेल. पण केरळ काही परदेश नाही. २००८मध्ये त्या राज्याने वेदनाशामक काळजीचं धोरण केलं आणि पंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्याला तिथे ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिन्याला ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम लहान आहे, पण सरकारी कागदावर सांभाळणाऱ्याचं नाव आहे. माझ्या वहिनीचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं.

आपल्याकडे गावाच्या हातातही काही आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. साक्री तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथल्या पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि आरोग्य हा त्याच्या खर्चाच्या बाबींपैकी एक आहे. ग्रामसभेत ठराव करून गावाची एक साधनपेढी उभी करता येईल: दोन हवेच्या गाद्या, दोन कमोड खुर्च्या, एक चाकाची खुर्ची. एका घरची गरज संपली की दुसऱ्या घरी. फुईची कमोड खुर्ची आज गल्लीतल्या तिसऱ्या घरात आहे, ती कुठल्या ठरावाने गेली नाही, वहिनीने डोक्यावरून नेऊन दिली. ऊसतोडीला जाताना मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि आशाताई व उपकेंद्राकडे दिली जावी. त्याला तर पैसाही लागत नाही.

या दिवाळीत, खाटेशी बसून

हा लेख वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण आता सुरत, नाशिक, पुण्याहून घरी आलेले असतील. चार दिवसांची सुट्टी आहे. फराळाचं ताट बाजूला ठेवून अर्धा तास घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आधारवरची जन्मतारीख बरोबर आहे का, मोबाइल नंबर चालू आहे का, बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते पाहा. माणूस चालतं-फिरतं असतानाच उत्पन्नाचा आणि वयाचा दाखला, आयुष्मान कार्ड, पात्र असेल तर श्रावणबाळचा अर्ज करून टाका. दाखले किती दिवसांत द्यायचे याची मुदत २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेली असते. मुदत उलटली तर अपील करता येतं, म्हणून अर्जाची पोच मागून घ्या. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. एका वर्षी आमच्याकडून तो उशिरा गेला आणि फुईचे तीन महिन्यांचे पैसे थांबले. तिचे अंगठे कांदा कापून कापून इतके झिजले होते की यंत्रावर उठतच नसत. अशा वेळी डोळ्यांची किंवा चेहऱ्याची ओळख चालते का ते विचारा. सत्तरीवरच्यांना आणि दिव्यांगांना बँकेने घरी येऊन सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे नोव्हेंबर २०१७चे निर्देश आहेत. पोस्टमनदादाही इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं यंत्र घेऊन घरी येतात. काहीच सुचेनासं झालं तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

आणि एक गोष्ट कागदाबाहेरची. घरात जी कुणी रात्री उठून कूस बदलते, तिला या चार दिवसांत दोन रात्री सलग झोपू द्या. ते काम तुम्ही करा. चौघडी कशी धरायची ते तिच्याकडून शिकून घ्या.

२०२३च्या भाद्रपदात फुई गेली. तिला अखेरची आंघोळ घालताना बायकांनी तिला कुशीवर वळवलं. गल्लीतली एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, एवढी स्वच्छ पाठ. वहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. दुपारी तिथेच तिचा डोळा लागला आणि दोन तासांनी, कुणी हाक न मारता, ती दचकून उठली.